आत्ता किती जण वाचताहेत? : थेट वाचकमापनाची एक समीक्षा

हा लेख छापून तुमच्या हाती येईल तेव्हा तो कोणी वाचला, कुठपर्यंत वाचला आणि कोणत्या परिच्छेदापाशी कंटाळून पान उलटले, यातले काहीच मला कळणार नाही. संपादकांनाही कळणार नाही. अंक किती खपले हे त्यांना दिवाळीनंतर काही आठवड्यांनी विक्रेत्यांकडून समजेल. डिसेंबर-जानेवारीत चार-दोन पत्रे येतील. एखाद्या वाचनालयात हा अंक पुढच्या श्रावणापर्यंत फिरत राहील आणि ती वार्ता आमच्यापर्यंत येणारही नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकाचा संपादक या अज्ञानातच काम करत आला आहे.

संकेतस्थळाच्या संपादकाची स्थिती नेमकी उलट आहे. मी काही वर्षे एका मराठी वृत्त-संकेतस्थळाच्या संपादन कक्षात काम केले. तिथे भिंतीवर एक मोठा पडदा होता आणि त्यावर एक आकडा होता. या क्षणी आमच्या स्थळावर किती माणसे आहेत, त्याचा. आकड्याखाली लेखांची उतरंड. कोणता लेख वर चढतो आहे, कोणता घसरतो आहे, वाचक मुंबईचे किती, पुण्याचे किती, आखातातले किती, मोबाइलवर किती, हे सारे दर काही सेकंदांनी बदलत असे. चहा प्यायला उठताना आणि परत येऊन बसताना प्रत्येकाची नजर आधी तिकडे जाई. माझीही जाई.

या पडद्याकडे तंत्र म्हणून आणि धंदा म्हणून पुष्कळ पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याच्याकडे एक संहिता म्हणून पाहायचे आहे. वाचकाविषयी काही विधान करणारी ही एक रचना आहे, असे मानून तिला समीक्षेचे नेहमीचे प्रश्न विचारायचे आहेत. ही रचना वाचक कोणाला म्हणते? तिला कोणता वाचक दिसतो आणि कोणता दिसत नाही? आणि जो दिसत नाही, त्याचे पुढे काय होते?

१. मोजणीची रीत

संकेतस्थळांवरची मोजणी नवी नाही. अगदी प्रारंभीही सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद एका फाइलीत करत असे आणि ती फाइल नंतर चाळून किती पाने मागितली गेली ते काढले जाई. गेल्या शतकाच्या अखेरीस कित्येक पानांच्या तळाशी ‘आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात’ असे सांगणारा आकडाही असे. नोव्हेंबर २००५मध्ये गूगलने अर्चिन या विकत घेतलेल्या प्रणालीच्या आधारे आपली मोफत विश्लेषण-सेवा सुरू केली आणि लहानसहान स्थळांनाही तपशीलवार आकडे मिळू लागले. तरीही ते आकडे मागाहून येत. वाचक वाचून निघून गेल्यावर त्याचा माग काढला जात असे.

२००९मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार्टबीट ही सेवा सुरू झाली आणि सप्टेंबर २०११मध्ये गूगलनेही थेट आकडे दाखवायला सुरुवात केली. येथे मोजणीचे स्वरूप बदलले. आकडा आता वाचन चालू असतानाच हाती येऊ लागला. मागाहून आलेल्या आकड्यावरून पुढच्या अंकाचा विचार करता येतो; वाचन चालू असताना आलेल्या आकड्यावरून त्याच लेखाचे मथळे, जागा आणि आयुष्य बदलता येते.

यामागची युक्ती साधी आहे. पानात एक छोटी स्क्रिप्ट दडलेली असते. पान उघडले की ती मोजणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला तसे कळवते. त्यानंतर ठरावीक अंतराने ती पुन्हा पुन्हा हजेरी लावते. पान अजून उघडे आहे, ते समोर आहे की दुसऱ्या टॅबमागे गेले आहे, वाचक कुठपर्यंत खाली सरकला आहे, शेवटची हालचाल कधी झाली, एवढे ती सांगते. हजेरी यायची थांबली की वाचक गेला असे धरले जाते. अलीकडच्या काळात ज्यांची हजेरी लागली त्यांची बेरीज म्हणजे पडद्यावरचा तो आकडा.

‘अलीकडच्या काळात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पडदा म्हणतो ‘आत्ता’. पण हे आत्ता किती लांब असावे हे कोणीतरी ठरवलेले असते. गूगलच्या जुन्या थेट अहवालात ते पाच मिनिटांचे होते. जुलै २०२३मध्ये जुनी प्रणाली बंद होऊन नवी आली, तिच्या थेट अहवालात गेल्या तीस मिनिटांतले लोक मोजले जातात. म्हणजे पंचवीस मिनिटांपूर्वी येऊन गेलेला माणूसही ‘आत्ता’ असलेल्यांत धरला जातो. रंगभूमीवर एका प्रवेशात दहा वर्षे उलटतात आणि प्रेक्षक ते मान्य करतो, तसाच हा संकेत आहे. फरक इतकाच की नाटकातला संकेत प्रेक्षकाला ठाऊक असतो. पडद्यापुढे बसलेल्या संपादकाला तो बहुधा ठाऊक नसतो आणि त्याला तो आकडा नाडीच्या ठोक्यासारखा वाटतो.

२. पडद्यापुढची माणसे

या पडद्याचा पत्रकारांवर काय परिणाम होतो, याचा प्रत्यक्ष संपादन कक्षात बसून केलेला अभ्यास उपलब्ध आहे. त्यातली दोन पुस्तके येथे विचारात घेतली आहेत. अँजेल क्रिस्टँ यांचे ‘मेट्रिक्स ॲट वर्क’ २०२०मध्ये आले आणि केटलिन पेट्री यांचे ‘ऑल द न्यूज दॅट्स फिट टु क्लिक’ २०२१मध्ये. पेट्री यांचा याच विषयावरचा एक विस्तृत अहवाल २०१५मध्येच प्रसिद्ध झाला होता.

पेट्री यांनी तीन ठिकाणे पाहिली : चार्टबीट कंपनी, गॉकर मीडिया आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’. गॉकरच्या कार्यालयात भिंतीवरच्या पडद्यावर लेखांची आणि लेखकांची क्रमवारी लागत असे आणि आकडे सर्वांना खुले होते. ‘टाइम्स’मध्ये त्या काळी चार्टबीट मुख्यतः संपादकांनाच पाहता येई, बातमीदारांना नाही. एकाच यंत्राला दोन संस्थांनी दोन वेगळ्या जागा दिल्या. पेट्री यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण मात्र चार्टबीटविषयीचे आहे. पत्रकारांना आपल्या निर्णयशक्तीचा अभिमान असतो हे जाणून ती कंपनी आपला पडदा असा घडवत असे की तो संपादकाचा मान राखेल, त्याला धीर देईल, यश मिळाले की त्याचा आनंद साजरा करील आणि तरीही त्याची नजर सुटू देणार नाही. मोटारीच्या वेगमापकासारखा काटा हे त्या पडद्याचे ओळखचिन्ह होते. लेख फार चालला की काटा शेवटच्या टोकाला जाऊन टेकायचा. ज्यांनी तो अनुभव घेतला आहे त्यांना त्यातले सुख निराळे सांगायला नको.

क्रिस्टँ यांनी न्यूयॉर्कचे एक आणि पॅरिसचे एक अशी दोन संकेतस्थळे निवडली. दोन्हीकडे यंत्र तेच. सामान्य समज असा की अमेरिकी पत्रकार आकड्यांच्या मागे लागलेले असतील आणि फ्रेंच मंडळी त्यांना तुच्छ लेखत असतील. प्रत्यक्षात न्यूयॉर्कमध्ये आकड्यांची काळजी संपादकांनी वाहायची आणि लेखकांनी त्यांच्यापासून जरा अंतर राखायचे, अशी विभागणी आढळली. पॅरिसमध्ये आकड्यांवर कडक टीका करणारे पत्रकारच त्यांच्याकडे सतत पाहत होते. कारण त्यांच्या मनात आकडा म्हणजे बाजार एवढाच अर्थ नव्हता. सार्वजनिक जीवनात आपल्या शब्दाला काही वजन आहे की नाही, याचे ते उत्तर होते.

आमचा मराठी कक्ष यातल्या पॅरिसच्या जवळचा होता. मराठीत लिहिणाऱ्याच्या मनात एक जुनी धास्ती असते : आपले कोणी वाचते का? ती धास्ती घेऊन तो पडद्यापुढे बसला की पडदा तिला दर काही सेकंदांनी उत्तर देऊ लागतो. दोन्ही पुस्तके वार्तापत्रकारितेची आहेत आणि तिथेच थांबतात. साहित्याचे काय होते हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. तो आपला प्रश्न आहे.

३. संहिता वाचकापुढे बदलते

छापील लेखाचा मथळा एकदा छापला की छापला. थेट मापनामुळे तो तात्पुरता झाला. एकाच लेखाला दोन किंवा अधिक मथळे द्यायचे, काही वाचकांना एक दाखवायचा, काहींना दुसरा, आणि ज्यावर अधिक बोटे पडतील तो कायम करायचा, ही रीत आता सर्वत्र रुळली आहे. २०१२मध्ये सुरू झालेल्या अपवर्दी या अमेरिकी स्थळाने तर प्रत्येक मजकुरासाठी पंचवीस मथळे लिहायचा परिपाठच ठेवला होता. त्यांच्या हजारो मथळा-चाचण्यांचा संग्रह पुढे संशोधकांना खुला झाला. त्याच्या आधारे २०२३मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेव्हिअर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढवला की त्यावर बोट पडण्याचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले.

२.३ टक्के म्हणजे फार नाही. पण दिवसाला शेकडो मथळे आणि प्रत्येक वेळी निवड याच बाजूला झुकणारी, असे वर्षानुवर्षे चालले तर त्या भाषेच्या मथळ्यांचा स्वर काय होईल, याची कल्पना करता येते. आज मराठी संकेतस्थळांवर ‘धक्कादायक’, ‘खळबळ’, ‘संतापले’, ‘मोठी बातमी’ हे शब्द ज्या दराने दिसतात, तो दर कोणा एका संपादकाच्या अभिरुचीने आलेला नाही. ती अभिरुची कोणाचीच नाही. अनेक छोट्या निवडींच्या साठ्यातून ती तयार झाली आहे.

माझ्या अनुभवातले एक उदाहरण देतो. त्या स्थळावर दर शनिवारी एक पुस्तक-परीक्षण येत असे आणि ते बहुतेक वेळा मी लिहीत असे. सकाळी ते मुखपृष्ठावर वरच्या भागात लागे. तासाभरात पडदा सांगे की तिथे दुसरे काही लावले तर आकडा वाढेल. मग परीक्षण एक घर खाली. पुढच्या शनिवारी ते आधीच एक घर खाली लागे. काही महिन्यांनी ते मुखपृष्ठावर येईनासे झाले आणि मुखपृष्ठावर नाही म्हणून त्याला वाचक आणखी कमी झाले. शेवटी सदर थांबले. ते बंद करायचा निर्णय कोणी घेतला, असे आज विचारले तर मला कोणाचेही नाव सांगता येणार नाही. बैठक झाली नाही, वाद झाला नाही. त्यातल्या निम्म्या वेळी परीक्षण खाली सरकवणारा हात माझाच होता.

४. भरताचा प्रेक्षक आणि यंत्राचा वाचक

प्रेक्षकाच्या प्रतिसादावरून प्रयोगाचे यश कसे ओळखावे, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. ‘नाट्यशास्त्रा’तला सिद्धिव्यंजक नावाचा अध्याय, बहुतेक आवृत्त्यांत सत्ताविसावा, याच विषयाला वाहिलेला आहे. भरत सिद्धीचे दोन प्रकार सांगतो, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी पुन्हा वाणीने व्यक्त होणारी आणि शरीराने व्यक्त होणारी अशी दोन प्रकारची. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार ही वाणीची चिन्हे. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे ही शरीराची. ही यादी वाचताना नवल वाटते. प्रेक्षकाच्या हालचालींची इतकी बारीक वर्गवारी करणारा ग्रंथकार आजच्या मापनतज्ज्ञाला आपला पूर्वज वाटावा.

पण भरत तिथे थांबत नाही. दैवी सिद्धीच्या लक्षणांत तो सांगतो की जिथे शब्द नाही, क्षोभ नाही, कसलाही उत्पात नाही आणि रंगमंडप पूर्ण भरलेला आहे, ती दैवी सिद्धी. भरलेला मंडप आणि नि:शब्द प्रेक्षक. टाळ्या आणि उद्गार ही यशाची खूण आहेच, पण तिच्यावरची पायरी शांततेची. पुढे अभिनवगुप्ताने सहृदयाच्या ज्या तन्मयतेची चर्चा केली, तिचेही बाह्य रूप हेच आहे. तन्मय झालेला माणूस हलत नाही.

आता यंत्राकडे वळू. नुसत्या बोट-मोजणीवर झालेली टीका लक्षात घेऊन चार्टबीटने ‘गुंतलेला वेळ’ नावाचे माप पुढे आणले. पान नुसते उघडे असून चालणार नाही, वाचक त्यात खरोखर आहे याची खूण हवी. खूण कोणती? कळ दाबली, माउस हलला, पान सरकले. शेवटच्या हालचालीनंतर साधारण पाच सेकंद तो गुंतलेला मानला जातो, पुढे नाही. या मापाने पुष्कळ भ्रम दूर केले हे मान्य केले पाहिजे. कंपनीचे तत्कालीन प्रमुख टोनी हेल यांनी मार्च २०१४मध्ये ‘टाइम’मध्ये लिहिले की पाहण्यात आलेल्या भेटींपैकी ५५ टक्के भेटींत वाचक पानावर पंधरा सेकंदही सक्रिय नसतात, आणि एखादा मजकूर किती वाटला गेला याचा तो किती लक्षपूर्वक वाचला गेला याच्याशी संबंध दिसत नाही. हे आकडे कोणाही लेखकाला जमिनीवर आणणारे आहेत.

तरी प्रश्न उरतोच. कवितेच्या एका ओळीपाशी वाचक थांबतो. पडदा हलत नाही, बोट हलत नाही. तो खिडकीबाहेर पाहतो, आधीची ओळ मनात पुन्हा म्हणतो, आईची आठवण येते, मग पुढे जातो. या अवधीत तो वाचतो आहे की नाही? जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर याने १९७६च्या आपल्या ग्रंथात मांडले की संहितेत ज्या रिकाम्या जागा असतात त्या वाचक भरतो आणि अर्थ त्या भरण्यातून घडतो. म्हणजे थांबणे हा वाचनाचा गाभा. यंत्राच्या हिशेबी नेमका तोच काळ गैरहजेरीचा. भराभर खाली सरकत जाणारा, काहीच न वाचणारा माणूस तेवढा वेळ सक्रिय ठरतो आणि एका वाक्यापाशी पाऊण मिनिट बसून राहिलेला माणूस निष्क्रिय.

याला अपुरे माप म्हणून सोडून देता येत नाही. लांबी मोजणारी पट्टी वजन सांगत नाही, पण ती वजन उलटेही सांगत नाही. येथे माप एका मर्यादेपुढे उलटे सांगू लागते. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर या यंत्राला मानुषी सिद्धीची भाषा येते आणि दैवी सिद्धी त्याला रिकामे नाट्यगृह वाटते.

आणखी एक वाचक त्याला दिसत नाही. मराठीत मजकुराचा मोठा प्रवास आता व्हॉट्सॲपवर होतो, आणि तो दुव्याने कमी, मजकूर उचलून चिकटवण्याने अधिक. चिकटवलेल्या मजकुरातून ती हजेरी लावणारी स्क्रिप्ट गळून पडते. बंद पडलेल्या माझ्या सदरातले एक परीक्षण काही आठवड्यांनी आमच्या नातेवाइकांच्या गटावर आले, संपूर्ण, फक्त माझे नाव गाळून. खाली हात जोडल्याचे चिन्ह आणि ‘अवश्य वाचा’. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, “तुला पुस्तकांचं आवडतं ना, म्हणून टाकलं. कोणी लिहिलंय माहीत नाही, पण बरं लिहिलंय.” ते परीक्षण किती जणांकडे गेले असेल कोण जाणे. पडद्यावर मात्र ते एका शनिवारी दुपारीच मेले होते.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की थेट प्रतिसादावर कला बेतणे हे आपल्याकडे नवीन नाही. कीर्तनकार श्रोत्यांचे चेहरे पाहून आख्यान लांबवतो किंवा आवरतो. तमाशातला सोंगाड्या समोरचा फड पाहून बतावणी बदलतो. संगीत नाटकांच्या बहरात बालगंधर्वांच्या पदांना ‘वन्स मोअर’ पडत आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चालत. पडद्यावरचा काटा म्हणजे यांत्रिक ‘वन्स मोअर’च, मग तक्रार कसली?

तक्रार दोन गोष्टींची. ‘वन्स मोअर’ने नाटकाचा तोल जातो ही टीका त्या काळातही झालीच होती, म्हणजे थेट प्रतिसाद आणि कलाकृतीचे हित एकच, असे आपल्या रसिकांनीही मानले नव्हते. दुसरी गोष्ट परस्परतेची. कीर्तनकार श्रोत्याला पाहतो तेव्हा श्रोताही त्याला पाहत असतो. आपण पाहिले जात आहोत हे दोघांना ठाऊक असते, आणि डोळे मिटून निश्चल बसलेला श्रोता कीर्तनकाराला दिसतो. तो झोपला आहे की रंगला आहे, हेही त्याला कळते. यंत्राच्या व्यवहारात एक बाजू आंधळी आणि दुसरी अदृश्य.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकडा लोकशाहीवादी आहे, असे त्याचे म्हणणे. पूर्वीचे संपादक आपल्या अभिरुचीला वाचकांची अभिरुची समजत. त्यांच्या खोलीत न पोहोचणाऱ्या वाचकाला आकड्याने आवाज दिला. यात तथ्य आहे. आमच्याच स्थळावर शेतीविषयक मजकूर दुय्यम समजला जाई. रात्री नऊनंतर तो किती वाचला जातो हे पडद्याने दाखवले आणि त्या पानाला माणसे मिळाली. हे श्रेय मी पडद्याला मोकळेपणाने देतो.

पण लोकशाहीत मत देणाऱ्याला आपण मत देतो आहोत हे माहीत असते. बोट पडणे म्हणजे मत नव्हे. रस्त्यात गर्दी दिसली की मान वळते, तसे ते असते. भरतानेही मंडपातल्या गलक्यावर अंतिम निर्णय सोपवला नव्हता. वाद उत्पन्न झाला तर निवाडा प्राश्निकांनी करायचा आणि प्राश्निक वेगवेगळ्या विद्यांतले असायचे : छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, नर्तक, चित्रकार, गायक, अगदी धनुर्धारी आणि गणिकाही. प्रेक्षकांच्या वयापरत्वे आवडी भिन्न असतात, हेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे प्रतिसाद मोजावा, पण तो कोणाचा आणि कशाविषयीचा, हे जाणणारी माणसे मध्ये असावीत. आमच्या कक्षात प्राश्निक होते. ते पडद्याकडे पाहत बसले होते.

६. दार आणि दिवाणखाना

मग हे यंत्र नकोच का? असे म्हणता येणार नाही. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात धोनी धावबाद झाला, हे आपल्यापैकी अनेकांनी हॉटस्टारवर पाहिले. त्या सामन्यात एका वेळच्या प्रेक्षकांचा आकडा २ कोटी ५३ लाखांवर गेला होता. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी जाहीर व्याख्यानांत सांगितले आहे की अशा वेळी त्यांना भीती चढत्या आकड्याची असते तितकीच पडत्या आकड्याचीही. गडी बाद झाला की लाखो लोक एकदम मागे जायची कळ दाबतात, सारे मुखपृष्ठावर येऊन आदळतात आणि सामना दाखवणारी यंत्रणा शाबूत राहून मुखपृष्ठ कोसळू शकते. येथे किती माणसे आत्ता आहेत हे जाणणे अनिवार्य आहे. यात्रेत देवळाच्या दारावर उभा असलेला स्वयंसेवक गर्दी मोजतो, त्या जातीची ही मोजणी. ती दारावरची आहे. कोणाची भक्ती किती, हे तो स्वयंसेवक सांगत नाही.

तीच मोजणी दार ओलांडून आत आली की तिचे रूप पालटते. हॉटेलांच्या आरक्षण-स्थळांवर ‘आत्ता इतके जण ही खोली पाहत आहेत’ असे दिसते, तेव्हा थेट आकडा ग्राहकाकडेच वळवलेला असतो. फेब्रुवारी २०१९मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने अशा सहा स्थळांकडून पद्धत सुधारण्याची हमी घेतली. पाहणारे इतर लोक कदाचित वेगळ्याच तारखांची खोली पाहत असतील, हे सांगितले जात नाही, ही त्यातली एक हरकत होती. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत ‘खोटी निकड’ हा पहिला असून लोकप्रियतेचा खोटा देखावा त्यातच मोडतो.

याहून आत जाणारा प्रकार म्हणजे भेटीचे संपूर्ण चित्रण. वाचकाचा माउस कुठे फिरला, तो कुठे थबकला, त्याने कोणती अक्षरे टंकली, हे सारे साठवून पुन्हा चित्रफितीसारखे पाहता येते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१७मध्ये दाखवले की जगातल्या पहिल्या पन्नास हजार स्थळांपैकी ४८२ स्थळांवर अशा चित्रणाच्या खुणा सापडतात, आणि अर्ज ‘पाठवा’ म्हणण्याआधीच, नुसता टंकलेला मजकूरही गोळा होऊ शकतो. लिहून खोडलेले वाक्यही कोणाच्या तरी हाती जाते. वाचनाचे एक मूळ सुख हे की वाचताना आपल्याला कोणी पाहत नसते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला मध्यवर्ती जागा दिली. मात्र त्या संमतीची चौकट वाचकापुढे येते तेव्हा तो घाईत असतो आणि ‘मान्य’ची कळ मोठी असते.

७. मराठी नियतकालिकांपुढचा प्रश्न

ही चर्चा मराठी साहित्यिक नियतकालिकांच्या दारात आलेली आहे. कागदाचे भाव आणि टपालाची अवस्था पाहता पुढच्या काही वर्षांत अनेक नियतकालिके अंशतः किंवा पूर्णतः जालावर जातील. जावे, त्यात वाईट काही नाही. परंतु स्थळ उभारणारा तंत्रज्ञ पहिल्याच दिवशी मोजणीची स्क्रिप्ट लावून देईल, कारण ती फुकट असते आणि सगळेच लावतात. ज्या संपादकाने आयुष्यभर पोस्टकार्डांवर काम केले, त्याच्यापुढे एके सकाळी काटा येईल. पहिल्या आठवड्यात त्याला आढळेल की मुलाखत चालते, आठवणी चालतात, वाद फार चालतो, आणि दीर्घकविता व संशोधनलेख चालत नाहीत. तो काही ठरवणार नाही. पुढच्या अंकात फक्त एखादी दीर्घकविता कमी घेईल.

म्हणून तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात असे मला वाटते. थेट आकडा तंत्रज्ञाच्या खोलीत राहावा. स्थळ चालू आहे की बंद, दारात खोळंबा झाला आहे का, एवढ्यासाठी तो पुरे. संपादकाने आकडे पाहायचेच तर अंक निघाल्यावर तीन महिन्यांनी पाहावेत. त्यात संथ वाचकाला हजेरी लावायला अवधी मिळतो. आणि आपण काय मोजतो व काय मोजत नाही, हे वाचकाला साध्या मराठीत, अंकाच्या श्रेयनामावलीशेजारी सांगावे. यातले काहीही महाग नाही. यासाठी फक्त पडदा भिंतीवर लावायच्या आधी विचार करावा लागेल, कारण तो लागल्यानंतर होत नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

त्या पडद्यावर रोज पहाटे एक वेळ अशी येई की आकडा अगदी खाली गेलेला असे, पन्नास-साठ. रात्रपाळीला असलो की मी त्या पन्नास-साठ जणांकडे पाहत बसे. त्यांतले काही जुने लेख वाचत असत, दोन-तीन वर्षांपूर्वीचे. काही एकाच पानावर फार वेळ असत आणि पडदा त्यांना निष्क्रिय दाखवत असे. कोणी झोपले असतील, कोणाचे पान उघडेच राहिले असेल. एखादा वाचतही असेल. त्या वेळी मला त्यांच्यात भेद करता येत नव्हता, आणि सकाळी आठला आकडा चढू लागला की मी त्यांना विसरून जात असे. हा लेख त्यांतल्या त्या एखाद्यासाठी लिहिला आहे. तो तुम्ही असाल तर पत्ता अंकात शेवटच्या पानावर आहेच; घाई नाही.